मुरलेलं ॲल्युमिनियम

मराठीत 'मुरणं' हा फार कामाचा शब्द आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, एखादा माणूस राजकारणात मुरलेला असतो. (आणि कुठेतरी पाणी मुरत असतं, ते वेगळंच!) पण ॲल्युमिनियमसुद्धा मुरतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. कळल्यापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे, तो आज इथे मांडते. विषय कारखान्यातला आहे, तरी नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये. तुमच्या गाडीला अलॉय व्हील असतील, तर तुम्ही रोज या विषयावर बसून फिरता आहात.

मुद्दा आधीच सांगून टाकते. आमच्या मावळातली कितीतरी मुलं तळेगाव, उर्से, नवलाख उंबरे, चाकण, भोसरी या भागातल्या कारखान्यांत धातू तापवायचं, पाण्यात बुडवायचं आणि मुरवायचं काम करतात. काम 'कसं' करायचं ते त्यांना सांगितलं जातं. 'का' करायचं ते, निदान माझ्या ओळखीच्या मुलांना तरी, कोणी सांगितलेलं नाही; मराठीत तर नाहीच. माझं म्हणणं असं की हे 'का' त्यांना त्यांच्या भाषेत सांगणं ही चैन नाही. त्या कामाचीच ती गरज आहे.

आता मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. धातूंशी माझा संबंध स्वयंपाकघरातल्या भांड्यांपुरता. पण माझा एक जुना विद्यार्थी, कामशेतजवळच्या खेड्यातला, आठ वर्षं अशा भट्टीवर आहे. दिवाळीत भेटायला येतो. एकदा त्याला विचारलं, "तू नेमकं करतोस काय रे?" तो म्हणाला, "बाई, आम्ही टी-सिक्स करतो." म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमचं कास्टिंग भट्टीत ५४० अंशांवर काही तास ठेवायचं, बाहेर काढून झटकन गरम पाण्यात बुडवायचं, आणि मग दुसऱ्या भट्टीत १६० अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवायचं. मी विचारलं, "पाणी गरम का? विझवायचंच आहे तर गार पाणी बरं ना?" तो म्हणाला, "तसं शीटवर लिहिलंय, बाई."

इतका हुशार मुलगा, आठ वर्षांचा अनुभव, आणि उत्तर काय, तर तसं लिहिलंय. मला ते टोचलं. त्यानंतर आम्ही दोघं मिळून हा विषय शिकलो. माझा एक भाचा अभियंता आहे, त्याला फोन करकरून भंडावलं. जे समजलं ते आधी सांगते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. म्हणून त्यात दुसरे पदार्थ घालतात. आपल्याकडच्या ओतकामात एलएम-२५ नावाची जात फार वापरली जाते. अमेरिकन पद्धतीत तिचीच बहीण ए-३५६. हिच्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे रस पातळ होतो आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जातो. शिवाय अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर मॅग्नेशियम असतं. भाजीतल्या हिंगाएवढंच म्हणा, पण सगळा खेळ त्याचा आहे.

साखरेचा पाक आठवा. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, गारात कमी. दाट पाक सावकाश गार झाला तर साखर खड्यांच्या रूपात बाहेर पडते. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या जोडीचं असंच होतं. फरक एवढाच, की इथे काहीच पातळ नसतं. ५४० अंशांवर कास्टिंग घनच असतं, त्याचा आकारही तसाच असतो, आणि त्या घनाच्या आत दुसरा घन पदार्थ विरघळत असतो. वितळल्याशिवाय विरघळणं! मला तर हे ऐकून नवलच वाटलं. पण घनात अणूंची हालचाल मंद असते, म्हणून तास लागतात.

त्या तासांत आणखी एक काम होतं. सिलिकॉन ओतताना सुयांसारखं किंवा पात्यांसारखं गोठलेलं असतं. लांबट टोकदार कण धातूत असले की तिथून चीर सुरू होते. भट्टीत तासन्‌तास राहून हे कण तुटतात आणि गोल होतात, म्हणजे कास्टिंग ठिसूळ राहत नाही. "एवढे तास कशाला, गरम तर तासाभरातच होतं," असं भट्टीवरच्या कोणाही नव्या माणसाला वाटतं. गरम होणं वेगळं आणि आतलं काम पुरं होणं वेगळं. भाताला वाफ आली म्हणजे भात शिजला असं होत नाही.

मग पाण्यात बुडवणं. विरघळलेल्या मॅग्नेशियमला बाहेर पडून खडे व्हायला वेळच मिळू नये, म्हणून एकदम गार करायचं. भट्टीचं दार उघडल्यापासून पाण्यात पडेपर्यंतचा वेळ म्हणूनच सेकंदांत मोजतात. पण पाणी फार गार असेल तर कास्टिंगचा पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग मागे राहतो, आणि तुकडा वाकतो किंवा तडकतो. म्हणून पाणी ६० ते ८० अंशांचं ठेवायचं. म्हणजे पुरेसं झटकन, पण हिसका न बसेल असं. हे माझ्या विद्यार्थ्याच्या शीटवरच्या ओळीचं उत्तर. चार वाक्यांत मावतं.

आणि शेवटी मुरवणं. पाण्यातून काढलेलं कास्टिंग अजून बऱ्यापैकी मऊच असतं. ते १५५ ते १७५ अंशांवर काही तास ठेवलं की आत कोंडलेलं मॅग्नेशियम सिलिकॉनला घेऊन हळूहळू बाहेर पडू लागतं. पण खड्यांच्या रूपात नाही, तर डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या असंख्य बारीक कणांच्या रूपात. हे कण धातूला बळ देतात.

कण बळ कसे देतात, हे मला गोधडीवरून कळलं. धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून आपण काय करतो? जवळजवळ बारीक टाके घालतो. तेवढाच दोरा चारदोन मोठ्या गाठींत संपवला तर गोधडी आठवड्यात गोळा होईल. दोरा तेवढाच, फरक त्याच्या वाटणीत. भट्टीत जास्त वेळ ठेवलं किंवा उष्णता वाढली, तर हे बारीक टाके एकमेकांत मिसळून मोठ्या गाठी होतात, आणि धातू पुन्हा मऊ पडू लागतो. म्हणजे मुरणंही प्रमाणातच हवं. जास्त मुरलेलं लोणचं कसं गळून जातं, तसं. (कधीकधी मुद्दाम थोडं जास्त मुरवतात. त्याला टी-सेव्हन म्हणतात. बळ थोडं कमी होतं, पण इंजिनाच्या उष्णतेत माप बदलत नाही.)

फरक किती पडतो ते आकड्यांत सांगते. धातूच्या साच्यात ओतलेल्या एलएम-२५ ची ओढ सहन करण्याची ताकद, प्रक्रियेशिवाय, ब्रिटिश मानकाप्रमाणे किमान १६० मेगापास्कल धरतात. तीच पूर्ण प्रक्रियेनंतर २८०. पाऊणपट वाढ, आणि वजनात एका ग्रॅमचीही भर नाही! वाळूच्या साच्यातल्या कास्टिंगचे आकडे १३० आणि २३०. नवीन काही घातलं नाही, जे होतं ते नीट वाटलं, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं कास्टिंग शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक दिसत नाही. करपलेली पोळी दिसते, कच्ची पोळी दिसते. इथे काहीच दिसत नाही. कडकपणा मोजायच्या यंत्राखाली धरलं तरच कळतं, आणि प्रत्येक तुकडा त्या यंत्राखाली जातोच असं नाही. म्हणजे हे काम शेवटी भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर चालतं. त्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत नसेल, तर भरवसा कशाचा?

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली एक गोष्ट. (कारखान्याचं नाव मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.) रात्रपाळीत भट्टीतून निघालेली जाळी साखळी अडकल्यामुळे मध्येच लटकली. लाल नाही, धगधगीत नाही, कारण ॲल्युमिनियम या उष्णतेला लाल दिसत नाही. नुसतीच राखाडी जाळी हवेत. दोनतीन मिनिटांनी साखळी सुटली आणि जाळी पाण्यात गेली. पाळीवरचा माणूस म्हणाला, "गेली ना पाण्यात? झालं." पुढचं मुरवणं वगैरे रीतसर झालं, कागदावर खूण झाली. हे पूर्वी कधीतरी घडलेलं. तेव्हा माझा विद्यार्थीही गप्प बसला होता, कारण पाण्यात जायचं होतं आणि ते गेलं होतं. शीटवर 'लवकर बुडवा' असं होतं, पण उशीर झाला तर आत काय होतं, ते नव्हतं.

आता त्याला ते कळतं. त्या दोनतीन मिनिटांत मॅग्नेशियमने आपले खडे करून घेतले. पुढे कितीही मुरवा, मुरायला आत पुरेसं शिल्लक नाही. मात्र ते तुकडे वाया गेलेले नसतात! पुन्हा ५४० अंशांच्या भट्टीत घातले की खडे पुन्हा विरघळतात, आणि नव्याने सुरुवात करता येते. कमी तापलं, उशिरा बुडलं, जास्त मुरलं, या तिन्ही गोष्टी मूळ भट्टीत परत नेऊन बहुधा सुधारता येतात. न सुधारणारी चूक एकच, जास्त तापवणं. ५५० अंशांच्या पुढे या धातूच्या कणांच्या कडा आतल्या आत वितळायला लागतात, आणि तो तुकडा पुन्हा रस करण्याच्याच लायकीचा उरतो. काम करायचं उष्णतामान आणि नाशाचं उष्णतामान यांत दहाबारा अंशांचंच अंतर. कोणती चूक सुधारते आणि कोणती नाही, हे ज्याला माहीत आहे तो माणूस रात्री दोन वाजता वेगळा निर्णय घेतो. तो "चालतंय, जाऊ दे" म्हणत नाही, आणि उगाच घाबरून चांगला माल भंगारातही टाकत नाही. दोन्हीकडे कारखान्याचाच फायदा आहे. आणि खंडाळ्याच्या घाटात ज्यांच्या गाडीखाली ते चाक फिरणार आहे, त्यांचाही.

'का' कळलं की आणखी एक होतं, पुढचा प्रश्न सुचतो. माझ्या विद्यार्थ्याला सुचला. स्कूटरची ती पातळ झाकणं दाबाने ओततात, त्यांना टी-सिक्स का करत नाहीत? उत्तर त्यानेच शोधलं. रस दाबाने साच्यात शिरताना हवा आत कोंडली जाते. भट्टीत ती हवा फुगते आणि पृष्ठभागावर पुरीसारखे फोड येतात. हे सांगताना त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता.

आता माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. माझ्या भाच्यानेच ते घेतले, म्हणून प्रामाणिकपणे मांडते.

पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो जबरदस्त आहे. भाचा म्हणाला, "मावशी, 'का' न कळताच जगाने हे सगळं केलंय." खरं आहे. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडवलं, त्याच्या इंजिनाचं मुख्य कवच ॲल्युमिनियममध्ये साधारण ८ टक्के तांबं घालून ओतलेलं होतं. त्या कवचाचा अभ्यास करून १९९४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्यात असे बारीक कण तयार झालेले आहेत. म्हणजे विमानाचं पहिलं इंजिन मुरलेल्या ॲल्युमिनियमचं होतं, आणि ते ओतणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाच्या संशोधकाने तापवून बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा कडकपणा मोजला. असं सांगतात की शनिवारी मोजला तेव्हा तो बेताचा होता, आणि मध्ये रविवार गेल्यावर सोमवारी मोजला तर वाढलेला. कोणी हात न लावता! ती जात नुसत्या हवेवर मुरणारी होती. विल्मला कारण कळलं नाही, पण त्याने पद्धत पक्की केली, पेटंट घेतलं, आणि ड्युरालुमिन नावाने त्या धातूचे सांगाडे पहिल्या महायुद्धात झेपेलिनमधून उडाले. कारण सुचलं १९१९ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांना. प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९३८ मध्ये, फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांना, दोघांना वेगवेगळा, क्ष-किरणांतून.

म्हणजे बत्तीस वर्षं लोकांनी 'का' पुरतं न कळता काम चालवलं. मग माझा मुद्दा पडला का? मला तसं वाटत नाही. राइट बंधूंच्या कवचात कण झाले ते योगायोगाने. सावकाश गार होणाऱ्या त्या कास्टिंगमध्ये जे झालं, ते मुद्दाम पुन्हा करून दाखवणं तेव्हा कोणाच्याच हातात नव्हतं. विल्मच्या हातात एक पाककृती होती, एकाच धातूची. मेरिकाने कारण सांगितल्यावर मात्र लोकांना कळलं की शोधायचं काय. उष्णतेत जास्त विरघळणारं आणि गारव्यात कमी विरघळणारं जोडीदार शोधा, म्हणजे मुरणारा धातू मिळेल. आज भट्टीत जाणाऱ्या कितीतरी जाती त्या एका वाक्यातून निघाल्या. 'कसं' एका कामाला पुरतं, 'का' दहा कामांना पुरतं.

आणि हे मावळातल्या मुलांच्या बाबतीत तर अगदी पोटापाण्याचं आहे. तळेगावजवळचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. कारखाने येतात, जातात, मालक बदलतात. जमीन एकदाच जाते. ज्या मुलाला एका यंत्राची बटणं तेवढी पाठ आहेत, तो यंत्राबरोबर बेकार होतो. ज्याला भट्टीच्या आतलं कळतं, त्याला दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभं राहून चार वाक्यं तरी बोलता येतात. कंत्राटावरच्या मुलाला हे चार वाक्यांचं भांडवल कमी नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. यंत्रावर सगळं इंग्रजीत, शीट इंग्रजीत, ग्राहक परदेशातला. मराठी मध्ये आणून गोंधळ कशाला? इथे मला मराठीवाल्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मला 'टी-सिक्स'ला प्रतिशब्द नको आहे. भट्टीवरचा मुलगा क्वेंचिंग म्हणतो, एजिंग म्हणतो, खुशाल म्हणो. कोणी 'कालजन्य काठिण्यवर्धन' असा शब्द घडवून भिंतीवर लावला, तर तो एजिंगपेक्षा परकाच वाटेल. भाषा नुसत्या नावांत नसते, ती समजावण्यात असते. "हे मुरवणं आहे, लोणच्यासारखं वेळ घेतं आणि जास्त झालं तर गळतं," एवढं सांगितलं की एजिंग हा शब्दही त्याचा होतो. इंग्रजी नावं ठेवून मराठीत समजावता येतं. पाच वर्षांच्या मुलाला आपण 'मोबाईल'बद्दल मराठीतच समजावतो ना?

तिसरा आक्षेप वेळेचा. उत्पादनाच्या धबडग्यात शिकवायला वेळ कोणाला आहे? यावर माझ्याकडे आमच्याच मावळातलं उत्तर आहे. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याची घडी बसवली. तो नुसता काच विकण्यासाठी काढलेला नव्हता. काच करणारे देशी कारागीर तिथे तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. कारखाना हीच शाळा. काचेची तऱ्हा ॲल्युमिनियमच्या बरोबर उलटी, तिला सावकाश गार करावं लागतं, नाहीतर ती आतल्या ताणाने फुटते. पण शिकवण्याची तऱ्हा तीच. पैसापैसा गोळा करणाऱ्या गरीब देशाला शिकवायला वेळ होता, आणि आज भट्टीच्या तापमानाचा आलेख संगणकावर काढणाऱ्यांना अर्धा तास नाही, हे काही मला पटत नाही.

आणि वेळेचं म्हणाल, तर प्रत्येक भट्टी स्वतःच तासन्‌तासांची सुट्टी देते! आत मॅग्नेशियम विरघळत असतं, बाहेर चारपाच मुलं मोबाईल बघत बसलेली असतात. त्या वेळात अर्धा तास, महिन्यातून एकदा, एवढंच मी मागते आहे.

नुसतं मागून थांबू नये म्हणून आम्ही दोघांनी एक कागद तयार केला आहे. त्याच्या पाळीतल्या मुलांनी तो वाचला, एकाने त्यातलं माझं शुद्धलेखनही दुरुस्त करायचा प्रयत्न केला. :-) कागद असा:

१. पहिल्या भट्टीत आपण धातू वितळवत नाही, त्यातला मॅग्नेशियम विरघळवतो. त्याला वेळ लागतो. तास कमी करू नका.

२. ठरलेल्या उष्णतेच्या वर जाऊ देऊ नका. कमी तापलेलं सुधारतं, जास्त तापलेलं सुधारत नाही.

३. दार उघडल्यापासून पाण्यात पडेपर्यंत सेकंद मोजा. उशीर झाला तर लपवू नका, लिहून ठेवा आणि सांगा. माल वाचवता येतो.

४. पाणी गार नको, उकळतंही नको. गार पाण्याने तुकडा वाकतो, फार गरम पाण्याने बळ कमी पडतं. जाळी बुडण्याआधी पाण्याचं उष्णतामान बघा.

५. जाळीत तुकडे कोंबू नका. मधल्या तुकड्यालाही पाणी लागलं पाहिजे.

६. दुसऱ्या भट्टीत धातू मुरतो. कमी मुरला तर कच्चा, जास्त मुरला तर मऊ.

७. प्रत्येक जातीचे आकडे वेगळे असतात. आकडे शीटवरून घ्या, कारण या कागदावरून समजून घ्या.

एवढंच. सातवी ओळ माझ्या विद्यार्थ्याची आहे, आणि मला सगळ्यात ती आवडली. पाचवीही त्याचीच. पुस्तकातून मला ती सुचली नसती.

भाच्याने शेवटी आणखी एक शंका काढली. उद्या ही मुलं साहेबाला उलट विचारायला लागली तर? मी म्हटलं, विचारू देत की. जाळी दोन मिनिटं हवेत लटकल्यावर "हे परत भट्टीत घालायचं का?" असं विचारणारा कामगार ज्या साहेबाला नको असेल, त्या साहेबाच्या चाकांवर तू बसशील का? त्यावर तो काही बोलला नाही.

असो. लेख लांबला. वाचकांत कोणी ओतकामातले किंवा धातूशास्त्र शिकलेले असाल, तर या सात ओळींत काय कमी आहे, काय जास्त आहे, ते जरूर लिहा. आणि ज्यांच्या ओळखीत असा कारखाना आहे, त्यांनी हा कागद खुशाल छापून न्यावा. माझं नाव नको, फक्त अक्षर मोठं ठेवा आणि भट्टीच्या बाजूला, पण धग लागणार नाही अशा ठिकाणी लावा. मुलं जिथे बसतात, तिथे.